प्रवासाचं कारण

लॉकडाऊनच्या दिवसांत मी लोकांचा ताण कमी करण्याचं काम करत होते. हे वाक्य मी कुणाला सांगायला लागले की माझा नवरा खोकतो. त्याला खोकला नाही.

एका संस्थेची हेल्पलाइन होती. मन मोकळं करायला ज्याला माणूस हवं असेल त्यानं फोन करायचा आणि आम्ही ऐकायचं. आधी आम्ही सगळ्याजणी ऑफिसात एका ओळीत बसून ऐकायचो. मग ऑफिसला कुलूप लागलं आणि प्रत्येकीनं आपापल्या घरी बसून ऐकायचं ठरलं. फोन संस्थेच्या नंबरावर यायचा आणि जिल्हा बघून आमच्याकडे वळवला जायचा. आम्ही उलटा फोन केला तरी समोरच्याला संस्थेचाच नंबर दिसायचा. आमचं नाव कुणाला कळायचं नाही. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मी आणि इस्लामपूरची एक मैत्रीण अशा दोघींकडे होते. मी जन्मानं मेढ्याच्या वरच्या डोंगरातली आणि लग्नानं सांगलीच्या गावभागातली, त्यामुळे दोन्हीकडची रडगाणी मला दुभाष्याशिवाय कळतील असं आमच्या साहेबांचं मत पडलं.

आता घरात बसायचं कुठं, हा प्रश्न होता. नवऱ्याच्या मीटिंगा परदेशी साहेबांबरोबर, म्हणून दार लागणारी एकुलती एक बेडरूम त्याला. मुलीची सातवी हॉलमध्ये भरायची. स्वयंपाकघर सासूबाईंचं, ते तर लष्कर आणूनही ताब्यात आलं नसतं. राहिली कोठीची खोली. तिथं ज्वारीचे डबे, हळदीचं पोतं, लोणच्याच्या बरण्या आणि सासूबाईंचं जुनं शिलाई मशीन होतं. त्या मशीनचं फळकूट हे माझं टेबल. बोलता बोलता पाय आपोआप खालच्या पायडलवर जायचा आणि मशीन खडखडायला लागायचं. एकदा तासगावच्या एका बाईंनी मध्येच रडणं थांबवून विचारलं, "ताई, तुमी बिलाऊज बी शिवून देता का वो?"

आम्हाला तीन नियम शिकवलेले होते. पहिला, सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं, फारच अडलं तर "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारायचं. दुसरा, आवाज खालच्या पट्टीत ठेवायचा, सावकाश बोलायचं, भाषा नीट ठेवायची. तिसरा, ओळखीच्या माणसाचा फोन आला तर तो लगेच दुसरीकडे वळवायचा. दुसरा नियम पाळणं मला सगळ्यात अवघड होतं. माझा मूळ आवाज डोंगरात वाढलेला आहे. या दांडावरून त्या दांडावरच्या माणसाला हाक मारायची सवय त्याला आहे. पण ट्रेनिंगच्या बाईंनी तो असा काही मऊ करून घेतला की हेल्पलाइनवर बोलताना मी मलाच ओळखू यायची नाही. फोन ठेवला की मात्र मूळ आवाज परत यायचा. "शांत बसा, स्वतःशी प्रेमानं वागा," असं एखाद्या अनोळखी माणसाला सांगून मी कोठीतून बाहेर यायची आणि हॉलमध्ये कॅमेरा बंद करून झोपलेल्या मुलीवर असा ओरडा करायची की बेडरूमचं दार उघडून नवरा म्हणायचा, "जरा हळू. माझे साहेब विचारतायत काय झालं."

मे महिन्यात सासूबाईंनी वर्षाची चटणी करायला काढली. चटणी म्हणजे इडलीबरोबरची नव्हे. आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा, लसूण, खोबरं घालून केलेलं वर्षभराचं तिखट. दरवर्षी ते डंकावर, म्हणजे कांडपयंत्रावर, कांडून आणतात. त्या वर्षी डंक बंद होते. मी म्हटलं, आत्या, यंदा राहू द्या. (आमच्यात सासूला आत्या म्हणतात.) त्या म्हणाल्या, "आजार काय, येतील आणि जातील. चटणी नसली तर खायचं काय?" आणि मिरच्या तव्यावर पडल्या. स्वयंपाकघर आणि कोठी यांच्यामध्ये दाराऐवजी पडदा आहे.

त्या वेळी मी विट्याच्या एका गृहस्थांना श्वास घ्यायला शिकवत होते. "चार मोजत श्वास आत घ्या, आता धरून ठेवा, सहा मोजत सोडा." त्यांना जमेना म्हणून मी स्वतः घेऊन दाखवला. आत घेतलेला श्वास परत बाहेर आलाच नाही, नुसता ठसका आला. डोळ्यांतून, नाकातून पाणी. मला "मिरच्या" एवढंच म्हणायचं होतं पण तोंडातून "मि... मि..." बाहेर पडत होतं. पलीकडून ते गृहस्थ फार कळवळले. "ताई, रडू नका. तुमच्या घरात काही वाईट झालंय का? तुम्ही पण माणूसच आहात. घ्या, मन मोकळं करा." दहा मिनिटं त्यांनी माझी समजूत घातली. शेवटी म्हणाले, "मला फार बरं वाटलं आज. कुणाच्या तरी उपयोगी पडलो." प्रत्येक फोननंतर आम्हाला एक फॉर्म भरावा लागायचा. त्यात "फोन करणाऱ्याचा ताण कमी झाला का?" या रकान्यात मी प्रामाणिकपणे "हो, बराच" असं लिहिलं. साहेबांनी माझं कौतुक केलं.

पडद्याआडून सासूबाई सगळं ऐकायच्या. आत्या, हे गोपनीय असतं, असं मी शंभरदा सांगितलं. त्यांचं म्हणणं, मी ऐकत नाही, माझे कान ऐकतात. शिवाय त्यांना फक्त माझी बाजू ऐकू यायची, समोरचा काय म्हणतो ते नाही. तरी त्या तेवढ्यावरून निकाल लावायच्या. "सकाळचा तो माणूस बायकोला भितो." किंवा, "त्या बाईला काही झालेलं नाही. तिला माहेरी जायचंय." दहापैकी आठ वेळा त्या बरोबर असायच्या, हे मला मान्य करायला आवडत नाही.

माहेरी तर मलाही जायचं होतं. मेढ्याच्या वर आमच्या वाडीत माझे वडील एकटे होते. अण्णा एसटीत कंडक्टर होते. तीस-पस्तीस वर्षं सातारा-मेढा रस्त्यावर त्यांनी माणसं चढवली-उतरवली आणि सगळं बोलणं गाडीतच संपवून घरी आले. घरी बोलायचं काम आईचं. लग्नानंतर माझा फोन गेला की आई तासभर बोलायची, आणि अगदी शेवटी फोन अण्णांच्या हातात द्यायची. "जेवलीस का?" "हो." "पाऊस हाय का तिकडं?" "नाही." "बरं. ठेवतो." आई गेली तशी फोनमधला तिचा भाग गेला आणि हा तेवढा उरला. दोन वर्षं रोज संध्याकाळी आम्ही एवढंच बोलत होतो. मी घड्याळ लावून बघितलं होतं, चाळीस सेकंद. अनोळखी माणसाला तासभर बोलतं करायचा पगार घेणारी मी, सख्ख्या बापाला पाऊण मिनिटापलीकडे नेऊ शकत नव्हते.

आणि बोलायचं तर होतं. आई गेली ती पहाटे. आदल्या संध्याकाळपासून तिचं बिनसलं होतं, शेजारीपाजारी जमले होते, पण मला फोन आला सकाळी सातला. मी पोचले तेव्हा तिला अंगणात आणून ठेवलेलं होतं. मला आदल्या दिवशी का कळवलं नाही, हे मी अण्णांना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. दोन वर्षं तो प्रश्न माझ्या घशात बसला होता, आणि तो विचारायचा नाही म्हणून मीही "बरं, ठेवते" म्हणायला उतावीळ असायची. खरं सांगायचं तर मला राग होता. बापाचा राग येणं आणि बापाची काळजी वाटणं ही दोन्ही कामं मी एकाच वेळी करत होते आणि लोकांना ताण कमी करायला सांगत होते.

त्या दिवशी गुरुवार होता. अकरा वाजता फोन वाजला.

"हॅलो." मग घसा साफ केल्याचा आवाज. मग पुन्हा, मोठ्यानं, "हॅलो! पास देनारं हापिस का?"

पहिल्या हॅलोलाच मी ओळखलं. अण्णा पहिला हॅलो फोन चालू आहे का ते बघायला म्हणतात आणि दुसरा माणसाला. माझं बोट वळवायच्या बटणावर गेलं. तिसरा नियम. पण बटण दाबलं असतं तर ते इस्लामपूरच्या मैत्रिणीशी बोलले असते, आणि "अण्णा, मी बोलतेय" म्हटलं असतं तर "तू व्हय? बरं हाय न्हवं? ठेवतो," झालं असतं. मी काय काम करते ते त्यांना माहीत नव्हतं. लोकांचं ऐकून घ्यायची नोकरी असते हे कंडक्टरला कसं पटवायचं म्हणून मी "कॉम्प्युटरवर असतं काहीतरी" असं सांगून ठेवलेलं होतं.

मी मऊ आवाज काढला. "नमस्कार. ही हेल्पलाइन आहे. तुम्ही अगदी निवांत बोलू शकता."

"निवांत कशापायी? पास मिळंल का तेवडं सांगा. पंचायतीच्या फळ्याव ह्यो नंबर लिवलाय. मेढ्यावनं सांगलीला जायाचं हाय."

आमची जाहिरात आणि पासाची सूचना गावच्या आशा सेविकेनं फळ्यावर एकाखाली एक लिहिली होती, हे नंतर कळलं. जिल्ह्याची हद्द ओलांडायला तेव्हा पोलिसांचा पास लागायचा.

"कशासाठी जायचंय तुम्हाला?"

अण्णा म्हणाले, "तितंच तर गाडी अडलीया मॅडम. त्या फारमात कारन लिवाय लागतंय म्हनं. मयत, लगीन, न्हाईतर दवाखाना. माज्याकडं तिनीबी न्हाईत. मयत हुतं, त्याला बी दोन वर्सं झाली."

मी विचारलं, "सांगलीला कोण असतं तुमचं?"

"लेक हाय." मग आवाज उतरवून, "लेकीला बघायचंय, ह्ये कारन चालतंय का?"

मला ओरडून सांगायचं होतं की चालतं. पण पहिला नियम आठवला आणि त्याच्या आड लपायला मला बरंच वाटलं. मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?"

जगातला हा सगळ्यात बिनकामाचा प्रश्न आहे असं माझं तोवरचं मत होतं. अण्णांना वाटलं, पास देण्याआधी साहेब लोक चौकशी करतात तशी ही चौकशी आहे. म्हणून त्यांनी खरं खरं सांगायला सुरुवात केली. दोन्ही वेळचा भात एकदाच घालतो म्हणाले, एका माणसाला भाकरी थापायचा कंटाळा येतो. मुंबईची माणसं गावी आलीत, त्यांना शाळेत ठेवलंय, त्यामुळे पारावर कुणी बसत नाही. एक दिवस तर सकाळपासून तोंडातून शब्दच निघाला नव्हता. संध्याकाळी भीती वाटली, आवाज गेला की काय. म्हणून पडवीत उभं राहून मोठ्यानं म्हणून बघितलं, "सातारा, कोंडवे, मेढा! मेढा कोन हाय?"

"तुम्ही मुलीला फोन करत नाही का?"

"करतो की. रोज करतो. पर तिच्या घरी सगळी बसल्याली असनार. बापानं लेकीच्या सासरी फोन लांबवू ने. आन बोलायचं खातं आमच्यात हिच्याकडं हुतं. मी आपला शेवटाला घंटी मारायचो."

"मग जायला पासाशिवाय दुसरी काही अडचण?"

"हाय की. ईनबाईंनी, म्हंजी लेकीच्या सासूनं, बोलवाय नगो? बिनबोलावता लेकीच्या दारात मुक्काम टाकला तर लोकं म्हनतील, म्हातारा लेकीच्या जिवाव पडला." मग ते एकदम हसले. "मॅडम, तुमचा आवाज माज्या लेकीगत हाय बगा. पर ती एवडं ऐकत न्हाई. तिला येळ नसतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई म्हणतात तसं कानाखाली मारली असती तर परवडली असती. तरी मी तो मऊ आवाज सोडला नाही. सोडला असता तर फुटलाच असता. पासाची चौकशी करून पुढच्या गुरुवारी अकरालाच फोन करते, असं सांगितलं. आठवड्यानं पुन्हा फोन करायचा अशी आमच्यात पद्धतच होती, त्यामुळे तेवढं तरी नियमात बसत होतं. चाळीस मिनिटं झाली होती. फॉर्ममध्ये एक रकाना होता, "फोन करणाऱ्याशी पूर्वीची ओळख आहे का?" मी "नाही" लिहिलं. ते अगदीच खोटं वाटलं नाही.

पडदा बाजूला करून सासूबाई चहा घेऊन आल्या. माझ्या तोंडाकडे बघितलं. "कोण होतं?"

"सांगता येत नाही, आत्या. गोपनीय असतं."

"बरं." त्यांनी कप मशीनवर ठेवला. "अण्णांना फोन लावून दे मला. बोलायचंय."

"काय बोलायचंय?"

"ते पण गोपनीय असतं."

सासरे नसल्यानं घरातला शेवटचा शब्द सासूबाईंचा. त्यांनी फोन घेतला आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं मोठ्या आवाजावर ठेवला. "पावणं, नमस्कार. बरे आहात ना? मी काय म्हणते, मिरजेला डोळे दाखवायचे होते ना तुमचे? दोन वर्षं ऐकतेय, दाखवणार, दाखवणार. आता येऊन जावा. ... ते बंद आहे सगळं ते मला नका सांगू, डोळ्याचा दवाखाना चालू आहे, मी विचारलंय. ... उभ्या उभ्या येऊन जावा म्हणत नाही मी, मुक्कामाला या म्हणतेय. विहिणीनं बोलावल्यावर नाही म्हणायची रीत आहे का तुमच्यात?"

त्यांनी दवाखान्यात कधी विचारलं होतं, मला माहीत नाही. बहुधा विचारलंच नव्हतं. पण आमच्या भागात मिरजेचा दवाखाना म्हटलं की कुठलाही साहेब पास देतो, हे त्यांचं गणित बरोबर निघालं. नवऱ्यानं मीटिंग चालू असताना, परदेशी साहेबांकडे बघत मान हलवत, एका बाजूला पासाचा फॉर्म भरला. प्रवासाचं कारण: नेत्रतपासणी. मला त्या माणसाचा इतका अभिमान फार वेळा वाटलेला नाही.

अण्णा पाच दिवसांनी आले. वाडीतल्या एकाची जीप कराडमार्गे सांगलीला येणार होती, तिच्यातून. तोंडाला उपरणं, हातात तांदळाची पिशवी, आणि हातावर चौदा दिवस घरात राहायचा शिक्का. सासूबाईंनी भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं ते सहा फुटांवरून, त्यामुळे पाणी अण्णांवरून न जाता शेजारच्या स्कूटरवर गेलं. गच्चीवर एक खोली आहे, तिथं त्यांना ठेवलं. ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायचं, आपण खाली यायचं, मग त्यांनी दार उघडायचं. दोन वर्षांनी बाप माझ्या घरी आला आणि मला दिसत होता तो ताट उचलणारा हात.

आता एकाच घरात आहोत म्हटल्यावर आमचा फोन आणखी आटला. "ताट पोचलं?" "पोचलं." "बरं." मी घड्याळ लावायचं सोडून दिलं.

गुरुवार आला. मी ठरवलं होतं की आता हे नाटक बंद करायचं. तुमचं काम झालं, फाइल बंद करते, असं मऊ आवाजात सांगून टाकायचं. कोठीत टेबलफॅन घरघरत होता, वर अण्णांच्या खोलीतला जुना पंखा त्याहून जास्त. मी संस्थेच्या नंबरावरून फोन लावला.

"पोचलो मॅडम," ते म्हणाले. "तुमच्या किरपेनं."

"छान. मग आता तुमची काही अडचण नसेल तर..."

"थांबा, थांबा. हाय की. माजी न्हवं, लेकीची. हितं गच्चीव सगळं ऐकू येतंय. सारकी वरडती वो. सकाळी पोरीवर, दुपारी नवऱ्यावर, सांच्याला मिक्सरवर. लय तान हाय तिला. वाळलीया बी. तुमी तिला बी एकदा फोन करा की. मी नंबर देतो."

मी म्हटलं, द्या. त्यांनी डायरी काढून एक एक आकडा सावकाश सांगितला, आणि मी माझाच नंबर लिहून घेतला, कारण दुसरं काय करणार. शेवटी त्यांनी तो माझ्याकडून परत म्हणून घेतला. त्या दिवशीही पाऊण तास झाला. फाइल काही बंद झाली नाही. दुपारी मी मुलीवर ओरडले नाही, तेव्हा ती घाबरून आजीला विचारायला गेली की आईला बरं नाही का.

दुसऱ्या गुरुवारी अण्णांचा आवाज पहिल्यापासून वेगळा होता. शिक्का पुसत आला होता, चार-पाच दिवसांनी ते खाली येणार होते. मी नेहमीप्रमाणे विचारलं, आज कशाबद्दल बोलावंसं वाटतंय. ते म्हणाले, "आता खाली जायाचं. ताटाला ताट लावून बसायचं. तवा मॅडम, एक गोष्ट हाय, ती आदी कुनाला तरी सांगाय पायजे."

मग त्यांनी आईची ती संध्याकाळ सांगितली. छातीत कळ आली, तिला खाटेवर निजवलं. गाडी सांगायला माणूस गेला होता. अण्णांनी लेकीला फोन लावायला डायरी काढली, तर आईनं हात धरला. ती म्हणाली, आत्ता कळवू नका, रातीची गाडी मारत येतील, काहीतरी होऊन बसेल. सकाळी सांगा. सकाळी मला बरं वाटेल. "जलमात कवा तिचं ऐकलं न्हाई मॅडम," अण्णा म्हणाले. "लगीन झाल्यापास्नं सगळं माजंच खरं. त्या एका राती तिचं ऐकलं."

दोन वर्षं ज्याचा राग केला ते हे होतं. मी आवाज सांभाळायचा म्हणून जरा जास्तच मोठ्यानं विचारलं, "हे तुम्ही तुमच्या मुलीला सांगितलंय का?"

आणि वाक्य तोंडात असतानाच नेमकी लाईट गेली. माझा फॅन थांबला, वरचा पंखा थांबला, स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला. लॉकडाऊनमुळे गल्लीत मुळातच चिटपाखरू नव्हतं. माझं वाक्य कोठीच्या खिडकीतून बाहेर पडून जिन्यानं वर गेलेलं मला स्वतःला ऐकू आलं.

वर खाट करकरली; ती मला फोनमध्येही ऐकू आली आणि डोक्यावरही. पडद्याआड सासूबाईंच्या बांगड्यासुद्धा वाजत नव्हत्या. मी फोन कानाला लावून तशीच बसले. काहीही बोलले असते तरी ते दोनदा ऐकू गेलं असतं.

अण्णांनी घसा साफ केला.

"मॅडम, जरा हळू बोला," ते म्हणाले. "खाली माजी लेक हाय. तिला ऐकू जाईल."

मी आवाज खाली आणला. "तिला ऐकू गेलं तर चालणार नाही का?"

"चालंल," अण्णा म्हणाले. "पर तिला म्हनावं, रडू नगो. कामाव हाय ती."